मोरिशसला जाताना घरातली पाल घरीच राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मोरिशसवरचा लेख वाचला. समुद्र, खरेदी, गंगा तलाव, सगळे आले. पण तिथून परतल्यापासून जी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही, ती मात्र राहिली.

आग्नेय किनाऱ्याजवळ इल ओ एग्रेट नावाचे छोटे राखीव बेट आहे. होडीत बसण्याआधी तिथल्या मार्गदर्शक मुलीने आम्हाला पिशव्या उघडायला लावल्या, बुटांचे तळ पाहिले. आमच्यातले एक काका वैतागले. ती शांतपणे म्हणाली, "बी, मुंगी, पाल, काहीही चुकून आत जायला नको." पाल? आपल्या ट्यूबलाइटमागे चुकचुकते ती? हो, तीच.

मोरिशसच्या आसपासच्या खडकाळ बेटांवर एक इवलीशी निशाचर पाल राहते. बोटाच्या दोन-अडीच पेरांएवढी, मातकट रंगाची. शास्त्रीय नाव नॅक्टस कॉइनडेमिरेन्सिस. उत्तरेकडच्या कॉइन द मिर बेटावरून ते पडले. धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती 'असुरक्षित' गटात आहे. मोरिशसच्या मुख्य भूमीवर ती आता उरलेलीच नाही. तिच्या बोटांना आपल्या पालीसारख्या चिकटून धरणाऱ्या गाद्या नसतात, नुसती नखे. जहाजांतल्या मालाबरोबर आशियातली घरपाल तिथे पोहोचली आणि गुळगुळीत, टणक कातळावरच्या चांगल्या फटी तिने बळकावल्या. ही बिचारी भुसभुशीत, ठिसूळ दगडांच्या आडोशाला तेवढी टिकून राहिली, कारण तशा जागी घरपालीची पकड सुटते. म्हणजे अशा बेटावर कोणी काँक्रीटची भिंत घातली, तर ती घरपालीसाठीच बांधल्यासारखी होईल.

घरपाल जाते कशी, हे कळायला मोरिशसला जायची गरज नाही. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना आमच्या देवघरातली तसबीर काढली, तर मागे वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी होती. कवच टणक. ती एखाद्या फळीच्या फटीत किंवा खोक्यात असती, तर कोणाच्या लक्षात आली असती?

आणि एकटी पालच नाही. आपली चिचुंद्रीही तिथे पोहोचली आहे आणि सरडे-पाली फस्त करते. इल ओ एग्रेटवरून तिला हटवायचा प्रयत्न झाला, तो फसला. कॉइन द मिरवर मात्र 1995 साली उंदीर हटवण्यात यश आले. एकदा जीव बेटावर उतरला की त्याला परत काढायला किती वर्षे आणि किती माणसे लागतात, हे तिथले लोक अनुभवाने जाणतात.

त्या इवल्या निशाचर पालींना आग्नेयेकडच्या बेटांवरही नेऊन वसवले होते. तिथेच 25 जुलै 2020 रोजी वाकाशिओ हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. तेव्हा लोकांनी कापडी पोत्यांत उसाचे पाचट भरून तरंगते बांध घातले. हे वाचताना मला भरून आले होते. ज्या उसासाठी कोकणातून माणसे तिकडे गेली, ज्यांचे वंशज कास्कावेलसारख्या गावांत आजही गणपती बसवतात, त्याच उसाचे पाचट! तेलाच्या धोक्यामुळे 30 निशाचर पाली विमानाने इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात नेल्या, न जाणो इथल्या गेल्याच तर वंश तरी राहावा म्हणून.

आता मुद्द्याचे. आपल्याकडून दरवर्षी कितीतरी कुटुंबे मोरिशसला जातात. पुरवणीत पुढच्या वेळी एक चौकट छापावी, एवढीच विनंती. बेटावर जाण्याआधी पिशवी झटका, बुटांचे तळ घासा, खाऊचे डबे घट्ट बंद ठेवा. राखीव बेटावर "पाचच मिनिटे उतरू द्या" म्हणून होडीवाल्याच्या मागे लागू नका. आमच्या सहलीच्या माहितीपत्रकात यातले काहीच नव्हते. पासपोर्ट, औषधे, चकली-चिवडा यांची यादी मात्र दोन पाने होती. सहल कंपन्यांनी त्याच यादीत हे जोडावे. त्यांना एका ओळीचाही खर्च नाही.

पाल अंगावर पडली तर काय फळ, हे आपण पंचांगात पाहतो. ती आपल्या बॅगेतून कुठे पडेल, तेही पाहू या.

आपला,
एक वाचक, चिपळूण