तुझ्या नावाची सव्वा मूठ

॥ श्री मुक्ताई प्रसन्न ॥

रावेर तालुका,
आषाढ वद्य

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी रात्री तू फोनवर म्हणालास, "नाना, आता माझ्याच्याने होत नाही. देव असलाच, तर तो आपल्याकडे बघत नाही." एवढे बोलून तू फोन ठेवलास आणि त्यानंतर उचललाच नाहीस. सूनबाईचे ऑपरेशन, घराच्या कर्जाचे हप्ते, आणि त्यातच तुझ्या विभागातील माणसे कमी होणार असल्याची बातमी, हे सारे एकाच महिन्यात अंगावर आल्यावर कोणाचाही धीर सुटेल. तुझ्या त्या बोलण्याचा मला राग आलेला नाही, हे आधी सांगतो. कारण तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, मी स्वतः एकदा देवासमोर उभा राहून बोललेलो आहे.

तू आठवीत होतास. आपली केळीची बाग कापणीला आली होती, व्यापाऱ्याशी बोलणे झाले होते, आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी वादळ उठले. अर्ध्या तासात बाग आडवी झाली. सकाळी मी शेतात गेलो, तेव्हा खोडे मधोमध मोडून पडलेली, घड चिखलात रुतलेले आणि मोडलेल्या खोडांतून चीक गळत होता. मी वेड्यासारखा एकेक घड उचलून बांधावर आणून ठेवत राहिलो. त्याला कोणी घेणारा नाही, हे कळत असूनही हात थांबत नव्हते. केळीच्या चिकाचा डाग कधी जात नाही. त्या दिवशीचा सदरा तुझ्या आईने किती वेळा धुतला असेल, पण ते काळे डाग अजूनही त्यावर आहेत.

तीन रात्री मला झोप नव्हती. चौथ्या दिवशी कोणाला न सांगता एसटीने कोथळीच्या देवळात गेलो, मुक्ताईसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "तुला दिसत नाही का?" पुढे काही बोलताच आले नाही, नुसता रडलो. तुला खरे तेच लिहितो आहे, म्हणून हेही लिहितो, की मला काही उत्तर मिळाले नाही. दृष्टान्त झाला नाही, की कानी शब्द पडला नाही. घरी आलो आणि त्या रात्री मात्र झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शेतात पोहोचलो, तर ज्या शेजाऱ्याशी बांधावरून आपले दोन वर्षे बोलणे नव्हते, तो माझ्या आधीच येऊन विळ्याने पडलेली खोडे कापत होता. त्याने वर पाहिले नाही आणि मीही काही विचारले नाही. दुपारपर्यंत आम्ही दोघे मुकाट्याने काम करत राहिलो. पडलेल्या खोडांच्या बुडाशी फुटलेली पिले, म्हणजे नवे कोंब, शाबूत होती. त्यांतली चांगली राखून आपण पुढे त्यांचीच बाग, पिलबाग, घेतली. कर्ज फिटायला मात्र सहा वर्षे लागली.

ते वादळ माझ्या भल्यासाठी आले होते, असे मी आजही म्हणणार नाही. देव माणसाची परीक्षा पाहतो म्हणून ओझे घालतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. मला ते कधीच पटले नाही. आपण विठ्ठलाला माउली म्हणतो. आणि कोणती आई लेकराची परीक्षा घेण्यासाठी त्याच्या डोक्यावर धोंडा ठेवील? मला जेवढे कळले ते एवढेच, की त्याची करुणा वादळ थांबवायला आली नाही, ती वादळानंतर हातात विळा घेऊन आली, आणि मी त्या दिवशी रागाने घरातच बसून राहिलो असतो, तर ती मला दिसलीही नसती.

म्हणूनच तुझ्या फोन न उचलण्याची मला अधिक काळजी वाटते. लोकांच्या बोलण्याने मन विटल्यावर ज्ञानदेव पर्णकुटीचे दार लावून आत बसले, ही कथा तुला लहानपणापासून ठाऊक आहे. बाहेर उभी राहून ताटी उघडा म्हणून विनवणारी ती धाकटी बहीण होती, जिने आईवडील गमावले होते आणि समाजाने टाकलेपणही भावांइतकेच सोसले होते. पुढे १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली आणि १२९७ मध्ये, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, मुक्ताई आपल्या तापीकाठी विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. एवढ्याशा आयुष्यात इतके दुःख पाहिलेल्या त्या मुलीने भावाला दार उघडायला सांगितले, याचे मला आजही नवल वाटते. ज्याला ज्ञानेश्वर म्हणतात, त्यालाही एकदा बाहेरून कोणीतरी हाक मारावी लागली.

तेव्हा बाळ, देवावर रागावायचे असेल तर खुशाल रागाव, पण त्याच्यासमोर जाऊन रागाव. बँकेत जाऊन हप्ते पुढे ढकलता येतील का, हे स्पष्ट विचार. तसे विचारणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. सूनबाईला आपली काळजी लपवून हसून दाखवू नकोस. तिला ती आधीच कळलेली असते. ऑपरेशनच्या दिवसांत तुझी आई पुण्याला येऊन राहील. तिने पिशवी भरूनही ठेवली आहे, फक्त तू ये म्हणण्याची वाट पाहते आहे.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशची देवी कानबाई घरी बसेल. तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू निघतो, हे तू जाणतोस. काल ओसरीवर बसून आई सूप घेऊन गहू निवडत होती आणि तुझ्या वाट्याचे गहू ती खडा न खडा पाहून वेगळे ठेवत होती. तू येऊ शकणार नाहीस, हे तिला माहीत आहे. तरीही तुझ्या नावाची मूठ निघणारच.

त्या रविवारी संध्याकाळी आरतीच्या वेळी मी फोन लावीन. बोलावेसे वाटले नाही तर बोलू नकोस, पण फोन तेवढा उचल.

तुझे
नाना