सूचना : रविवारी मासे खायला, टीव्ही सेंटर, संभाजीनगर

सदस्यहो, नमस्कार. रविवारी, 10 मे रोजी दुपारी 12.30 वाजता टीव्ही सेंटर चौकात जमायचं. खानावळ तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. 1 जूनपासून समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद होते, मग आपल्याकडं ताजी सुरमई मिळणं अवघड. म्हणून शक्यतो सगळ्यांनी या.

- नावं शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा, टेबलं मोजकीच आहेत.
- बांगडा, बोंबील स्वस्त आणि चवीला फार छान. सुरमई-पापलेटचा दर आधी विचारा, तो आकारावर ठरतो.
- जायकवाडीचा रोहूही मिळतो, पण त्याला बारीक काटे फार. लेकरांना मोठ्यांनीच काढून द्यावेत.
- कोळंबीची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, तवा एकच असतो.
- ज्याचं बिल त्यानं द्यायचं.