बोअर वाढवणे ही दुरुस्ती नव्हे

महोदय,

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकाने असे सुचवले होते की, घरात पडून असलेल्या जुन्या शिकारी रायफलीची काडतुसे मिळत नसतील, तर नळीची बोअर, म्हणजे आतल्या छिद्राचा व्यास, वाढवून ती .३१५ च्या (.३१५ इंच, म्हणजे आठ मिलिमीटर बोअरच्या) काडतुसावर चालती करून घ्यावी. हेतू चांगला असेल, पण सल्ला चुकीचा आहे, आणि आमच्या ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी, जिथे बंदुकीचा परवाना अजूनही घराण्याच्या अब्रूत मोजला जातो, तो धोक्याचाही आहे. मी तीस वर्षे मुलांना लेथ चालवायला शिकवले, आणि नेमका हाच सल्ला दीड वर्षापूर्वी मलाही मिळाला होता, म्हणून हे पत्र.

आमच्या आजोबांची रायफल माउझर बोल्टची (बोल्ट म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा), ७×५७ काडतुसाची, म्हणजे सात मिलिमीटर बोअरची आहे. इंग्रज शिकारी हिलाच .२७५ म्हणत. वारसाहक्काने परवाना माझ्या नावावर झाला तेव्हा मी नळीत उजेड धरून पाहिले. आतले पेच, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, दिसत होते, पण चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, पुढे वीतभर भागात गंजाचे बारीक खड्डे पडलेले होते. कारण जुनेच आहे. त्या काळच्या काडतुसाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे क्षार नळीत राहत आणि हवेतला ओलावा ओढून घेत. आजोबा शिकारीहून आले की चहाच्या आधी नळीत उकळते पाणी ओतत, असे वडील सांगत. आजोबांच्या मागे आम्ही भाबडेपणाने नुसते तेल लावत राहिलो, आणि तेलात मीठ विरघळत नाही.

एका कारागिराने रायफल पाहून सांगितले, की सातची आठ करू, खड्डेही निघतील आणि .३१५ ची काडतुसे तर इथेच मिळतात; आठवड्यात देतो. ऐकायला हे फार सरळ वाटते. सात मिलिमीटर आणि आठ मिलिमीटर, फरक तो केवढा! मी तोंडाशी व्हर्नियर लावला तर नळीचा बाहेरचा व्यास १५ मिलिमीटर भरला, म्हणजे भिंतीची जाडी चार होती ती साडेतीन होणार. एवढ्याने नळी फुटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, शिवाय .३१५ च्या काडतुसाचा दाब ७×५७ पेक्षा कमीच असतो. खरी अडचण नळीच्या मागच्या टोकाला आहे.

.३१५ चे काडतूस म्हणजे मुळात ऑस्ट्रियन ८×५० मानलिखर. त्याच्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो. माउझरचा बोल्ट, त्याचा एक्स्ट्रॅक्टर (रिकामे काडतूस ओढून काढणारा आकडा) आणि मॅगझिन हे सारे बिनकाठाच्या, बुडाशी खाच असलेल्या काडतुसासाठी घडवलेले आहे. त्यातून जुन्या काडतुसाचे पितळी कवच ५७ मिलिमीटर लांब आणि नव्याचे ५०. म्हणजे नव्या काडतुसाची मान जिथे यायची, तिथे जुन्या चेंबरची रुंद पोकळी तशीच राहणार, आणि बार उडताच पितळ त्या पोकळीत फुगून फाटण्याची भीती. हे टाळायचे तर नळी मागून कापावी लागेल, रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्टच्या चौकटीत, बसणारे आटे पुन्हा पाडावे लागतील, चेंबर नव्याने कोरावा लागेल, बोल्टचे तोंड रुंद करावे लागेल. ‘आठवड्यात देतो’ या दोन शब्दांत यातले काहीच नव्हते.

छिद्राचेही तेच. व्यासाच्या दहापट खोली झाली की ते खोल छिद्र समजावे आणि साध्या ड्रिलच्या भरवशावर राहू नये, असे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगत असू. साठ सेंटिमीटर लांबीच्या नळीत आठ मिलिमीटरचे छिद्र म्हणजे पंचाहत्तरपट. जुन्या बोअरचाच आधार घेत सरकणारा रीमर (छिद्र मोठे करणारे हत्यार), सतत दाबाने येणारे तेल आणि पेच काढायचे खास यंत्र असल्याशिवाय हे काम सरळ होत नाही, आणि हत्यार जरा भरकटले की भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. बाहेरून ते दिसतही नाही.

अमेरिकेत जुन्या नळ्यांची बोअर वाढवण्याची रीत आहे, हे खरे. तिथल्या .३०-०६ च्या काडतुसाची फक्त मान रुंद करून १९२२ साली .३५ व्हेलन हे नवे काडतूस काढले गेले, आणि अनेकांनी आपल्या रायफली तशा करून घेतल्या. पण तिथे काडतुसाचे बूड तेच राहते, बोल्टला हात लावावा लागत नाही. ते उदाहरण वाचून इकडे सातची .३१५ करायला निघणे म्हणजे शेजाऱ्याच्या मापाने अंगरखा शिवण्यासारखे आहे.

आता कायद्याचे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये ‘दुरुस्ती’ आणि ‘रूपांतर’ हे दोन शब्द वेगवेगळे आहेत आणि दोन्ही धंद्यांना परवाना लागतो. कलम ६ पूर्वी मुख्यतः नळी आखूड करण्यापुरते होते. २०१९ च्या दुरुस्तीने नियमांतल्या एका वर्गाचे शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलणेही त्यात आले. धारकाच्या परवान्यावर शस्त्राचा क्रमांक असतो तशी बोअरही लिहिलेली असते. कागदावर सात आणि नळीत आठ, अशी रायफल घरात ठेवणारा माणूस वारसदार राहत नाही, आरोपी होतो, मग हौस कितीही निरागस असो.

किंबहुना आपल्या देशात बोअर हा कायमच सरकारचा विषय राहिला आहे. १९०७ च्या सुमारास इंग्रजांनी हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी घातली, कारण बंडखोरांच्या हाती असलेल्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच बोअरच्या होत्या, त्या बंदीतूनच .४६५ आणि .४७० ही नवी मापे जन्माला आली. लष्कराची .३०३ खासगी हातात नको म्हणून बीएसए या इंग्रज बंदूक कंपनीने इथल्या गिऱ्हाइकांसाठी .३१५ विकली, आणि पुढे ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने तीच चालू ठेवली. ज्या .३१५ कडे सोपी पळवाट म्हणून बोट दाखवले जाते, ती स्वतःच अशी कायद्याच्या पोटी जन्मलेली आहे.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्याहून जास्त खटकते. रायफलीचे लाकूड उतरवले की नळीच्या बुडाशी मुकुटाखाली बी, यू, जी ही तीन अक्षरे दिसतात. जर्मनीच्या १८९१ च्या प्रूफ कायद्याचे हे शिक्के: जादा दाबाची चाचणी झाली, तपासणी झाली, नळी पेचांची आहे. बोअर वाढवल्यावर शिक्के तसेच राहतात, पण ज्या नळीची साक्ष ते देतात ती उरत नाही. उद्या माझा नातू त्या शिक्क्यांवर विसंबून बदललेली नळीही तपासलेलीच समजेल. परदेशात म्हणूनच नळीत असा बदल केल्यावर प्रूफ चाचणी पुन्हा करून घेतात.

आणि मोठी बोअर हवी कशाला? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली. राहता राहिल्या लग्नाच्या वराती, तर तिथल्या हर्ष फायरिंगसाठी, म्हणजे आनंदाने झाडलेल्या गोळ्यांसाठी, २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

मी रायफल त्या कारागिराकडून तशीच परत आणली. जिल्हा प्रशासनाला विनंती एवढीच की, परवान्याचे नूतनीकरण आता पाच वर्षांनी होते, तेव्हा शस्त्राच्या क्रमांकाबरोबर नळीत मापाची सळई घालून बोअरही मोजली जावी आणि ती परवान्याशी ताडून पाहावी. या कामाला पाच मिनिटे पुरतात.

आपला,
एक निवृत्त कार्यशाळा शिक्षक
लष्कर, ग्वाल्हेर