इराणचे ते दोन फोटो

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही इराणचे दोन फोटो शेजारी शेजारी छापले, एकात आखूड स्कर्टातल्या कॉलेजच्या मुली, दुसऱ्यात काळ्या चादोरमधल्या, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत कापडात झाकलेल्या बायका, आणि वर हेडिंग ‘तेव्हा आणि आता’. खाली ना वर्ष, ना गाव, ना फोटो कोणी काढला ते. हेच दोन फोटो आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी फिरतात आणि मग गोदाकाठी अर्धा तास वाद, पण ग्रुपवरचं सोडून देता येतं हो, पेपरात आलं की माणसं कात्रण काढून ठेवतात, म्हणून लिहायला बसलो.

मी काही इतिहासाचा माणूस नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ३४ वर्षं काढली, भिंग लावून शीट तपासायचे, त्यामुळे छापलेलं काही हातात आलं की आधी कोपरे बघायची खोड आहे. इराणशी संबंध म्हणाल तर इराण्याकडचा बनमस्का, संपलं. तो वाढला गेल्या वर्षी, जुन्या नाशकातला आमचा आजोळचा वाडा पाडायला काढला तेव्हा. माळ्यावरच्या ट्रंकेत आईच्या काकांचा एक फोटो निघाला. व्हरांड्यात आठ जण उभे, पांढऱ्या पॅंटी, दोघांच्या डोक्यावर साहेबाची टोपी, आणि पाठीमागे शाईने लिहिलेलं ‘आबादान १९४६’. घरात सगळे आयुष्यभर सांगत आले की काका बसऱ्याला होते! बसरा इराकात, आबादान नदीच्या अलीकडे इराणात, पण आपल्याकडे कोणाला फरक पडतो.

मग रोज रात्री जेवण झालं की नातवाच्या टॅबवर आबादानचे जुने फोटो बघायला लागलो. १९०८ ला इराणातल्या मस्जिद सुलेमानला तेल लागलं, तिथून पाइप टाकून आबादानला रिफायनरी काढली, १९१२ ला ती चालू झाली आणि पुढे जगातली सगळ्यात मोठी झाली. १९१४ पासून ती चालवणाऱ्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर ब्रिटिश सरकारचे. आता एवढे गोरे आणणार कुठून, म्हणून कारकून, फिटर हे सगळं हिंदुस्थानातून, काही कामगार पार रंगूनकडून. तिथे रंगूनवाल्यांची मशीद आहे आणि समोशाला सम्बूसे म्हणतात, हे वाचून मला उगाच बरं वाटलं. फोटोत एकीकडे साहेबांचे बंगले, हिरवळ, आणि दुसरीकडे कामगारांची झोपडपट्टी जिचं नावच कागजाबाद, म्हणजे कागदाचं गाव. आणि काकांच्या फोटोवरचं वर्ष बघा, १९४६. त्याच जुलैत खुजेस्तानात, म्हणजे आबादानच्या प्रांतात, तेल कामगारांचा मोठा संप झाला, गोळ्या चालल्या, माणसं मेली, आणि ब्रिटिशांनी आपल्याच हिंदी पलटणी बसऱ्याला नेऊन ठेवल्या. काकांनी यातलं अवाक्षर कधी घरात काढलं नाही, काढलं असेल तर बायकांपर्यंत पोचलं नाही.

तिथून पुढे मोसद्दिक, इराणचे तेव्हाचे पंतप्रधान. १९५१ ला त्यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि ऑक्टोबरात इंग्रज कर्मचारी आबादानच्या धक्क्यावरून युद्धनौकेत बसून गेले, तेही फोटो आहेत. नौकेचं नाव मॉरिशस. आता गंमत बघा, त्याआधी दहा वर्षं, १९४१ ला, इंग्रज-रशियनांनी इराणात फौजा घुसवल्या, रझा शाहला गादी सोडावी लागली, तेव्हा त्याला इंग्रजांनी नेऊन ठेवलं कुठे, तर मॉरिशसला! आणि जाताना त्याची बोट मुंबईसमोर समुद्रात थांबवलेली, त्याला मुंबईत उतरायचं होतं पण उतरू दिलं नाही, बोटीचं नाव बांद्रा. एवढा मोठा शहेनशाह बांद्रा नावाच्या बोटीतून लांबून मुंबई बघतोय, याचा फोटो मात्र मी शोधून दमलो. मोसद्दिकचे फोटो पुष्कळ, पायजम्यात पलंगावर बसून मुलाखत देतायत, लोकांनी खांद्यावर घेतलंय, आणि १९५३ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं सरकार पाडणाऱ्या उठावानंतर कोर्टात उभे आहेत. त्या उठावामागे अमेरिका आणि इंग्लंड होते. म्हातारा तीन वर्षं तुरुंगात आणि मग मरेपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत, अहमदाबाद नावाच्या आपल्या गावात नजरकैदेत. हो, त्यांच्याकडेही अहमदाबाद आहे.

मला सगळ्यात धरून ठेवलं ते १९०६ च्या एका फोटोने. तेहरानमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या बागेत तंबूच तंबू आणि मध्ये स्वयंपाकाच्या एवढ्या मोठ्या कढया की मला तपोवनातला कुंभाचा भंडाराच आठवला. पण हे साधू नव्हेत, बाजार बंद करून बसलेले व्यापारी, कारागीर, विद्यार्थी, १२ ते १४ हजार माणसं, एकेका धंद्याचा वेगळा तंबू. सुरुवात कशावरून झाली तर साखरेवरून! आदल्या डिसेंबरात साखर महागली म्हणून तेहरानच्या गव्हर्नरने साखरेच्या व्यापाऱ्यांना उलटं करून तळपायावर फटके मारले, त्यावरून बाजार पेटला आणि मागणी न्यायाच्या कचेरीवरून थेट पार्लमेंटपर्यंत गेली. ऑगस्टमध्ये शाहने ती मान्य केली, डिसेंबर संपता संपता राज्यघटनेवर सही केली आणि जानेवारीत वारला. पुढच्या शाहने १९०८ ला त्याच पार्लमेंटवर तोफा डागल्या. आशियातल्या माणसांनी तोफा खाऊन मिळवलेली घटना, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी एक ओळ आठवत नाही. १९०९ ला इराणातल्या तबरीझ शहरातले लोक वेढ्यात उपाशी राहून त्या घटनेसाठी लढत होते, त्याच वर्षी डिसेंबरात इकडे नाशकात विजयानंद थिएटरात कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली. तारखा अशा शेजारी ठेवल्या की जग एकदम लहान वाटतं.

बरं, हे फोटो उरले कसे हेही बघा. अंतोन सेव्रुगिन नावाचा एक आर्मेनियन फोटोग्राफर, तेहरानात स्टुडिओ, राजापासून रस्त्यावरच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांचे फोटो काढायचा. त्याच्याकडे सुमारे ७००० काचेच्या प्लेट होत्या, १९०८ च्या त्या गोळाबारीच्या गडबडीत बहुतेक फुटल्या, जेमतेम २००० वाचल्या. त्याच्याही आधी खुद्द नासिरुद्दीन शाहलाच कॅमेऱ्याचं वेड, जनानखान्यातले फोटो स्वतः काढायचा, खाली स्वतः लिहायचा. त्याच्या मुलीचा, इस्मत उद्दौलाचा, मिशीवाला फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल, ‘हिच्या नकाराने १३ तरुणांनी जीव दिला’ असा तो फॉरवर्ड. साफ खोटं आहे ते. बाईंच्या ओठावर हलकी लव असणं त्या काळी तिकडे सुंदर समजत, एवढंच खरं. बाई राजाची मुलगी, चांगली नांदली, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी सगळं जग तिला हसतंय, का तर फोटोखालची ओळ कोणीतरी मनाने लिहिली.

आता तुमच्या दोन फोटोंकडे येतो. १९३६ च्या जानेवारीत रझा शाहने पडदा बंदच केला, हुकूम काढून. त्या वर्षीचे हॅट घातलेल्या बायकांचे सरकारी फोटो आहेत, रांगेत उभ्या, कोणी हसत नाही, भिंग लावून बघा. रस्त्यात पोलीस डोक्यावरची चादोर ओढून काढायचे, कितीतरी बायका घराबाहेर पडेनाशा झाल्या. आणि १९७९ च्या ८ मार्चला, शाहला घालवणाऱ्या इस्लामी क्रांतीला महिना होत नाही तोच, डोकं झाकायच्या सक्तीविरुद्ध तेहरानच्या बर्फात हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, हेंगामेह गोलेस्तान या बाईने ते फोटो काढलेत, त्यात पॅंटवाल्या, कोटवाल्या सगळ्या ओरडतायत. तुमच्या ‘तेव्हा आणि आता’मध्ये हे दोन्ही कुठेच बसत नाही. पहिल्यांदा काढ म्हणून जबरदस्ती, नंतर घाल म्हणून जबरदस्ती, आणि त्या बाईला काय पाहिजे ते दोन्ही वेळेला कोणी विचारलं नाही. आमच्या ग्रुपवर हे टाकलं तर एकाने लगेच विचारलं, म्हणजे तुम्ही कोणाच्या बाजूचे? मी म्हटलं तारखेच्या बाजूचा.

आणि पेपरवाल्यांना सांगण्यासारखी म्हणून अजून एक गोष्ट. १९७९ च्या ऑगस्टमध्ये इराणातल्या सनंदजच्या विमानतळावर ११ जणांना गोळ्या घातल्या, तो फोटो एका इराणी पेपरने फोटोग्राफरचं नाव न टाकता छापला, छापलं असतं तर त्याचा जीव गेला असता. त्याला पुलित्झर, पत्रकारितेतलं मोठं बक्षीस, मिळालं तेही निनावी. नाव कळलं २००६ ला, जहांगीर रझमी. २७ वर्षं तो माणूस गप्प राहिला. तिथे नाव लपवण्यामागे कारण होतं, आपल्याला तर नुसता आळस आहे.

रागाने लिहीत नाहीये, गेली चाळीस वर्षं तुमचाच पेपर घरी येतो. एवढंच करा, कुठलाही जुना फोटो छापाल तेव्हा खाली वर्ष, गाव आणि काढणाऱ्याचं नाव टाका, मिळालं नसेल तर तसं लिहा, मग तो इराणचा असो की दुतोंड्या मारुती बुडालेल्या पुराचा. पुराचा तोच एक फोटो तुमच्याकडे मी तीन वेगळ्या वर्षांचा म्हणून पाहिलाय.

सोबत काकांचा फोटो स्कॅन करून पाठवतोय. आबादान, १९४६, फोटोग्राफर माहीत नाही. डावीकडून तिसरे आईचे काका. बाकीच्या सात जणांपैकी उजवीकडचे पगडीवाले सोडले तर चेहऱ्यावरून सगळे आपल्याकडचेच वाटतात, नाशिक, निफाड, सिन्नर, कुठलेही असतील, कोणाच्या घरी हाच फोटो असेल आणि मागे नावं लिहिलेली असतील तर पेपरच्या पत्त्यावर कळवा म्हणावं.

आपला,
एक जुना वाचक, पंचवटी, नाशिक