विषय: 893 रुपयांच्या शेअर विक्रीवर 224 रुपये 79 पैशांची कात्री

व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या माणसाने आत्ताच फोन ठेवला. या आठवड्यातला चौथा.

मंगळवारी तीन कंपन्यांचे उरलेसुरले शेअर विकायला काढले. तुमचं ॲप सकाळपासून नुसतं गरगरत होतं. हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, "सर, मी इथून ऑर्डर टाकून देते." टाकल्या. पण प्रत्येक ऑर्डरला 50 रुपये, वर जीएसटी, म्हणजे 59 लागतील हे काही बोलली नाही. तीन ऑर्डरचे 177. ॲप बंद तुमचं, भुर्दंड मला.

उरलेले 47.79 रुपये डीपी चार्जचे, म्हणजे डिमॅट खात्यातून शेअर बाहेर काढल्याचे. कॉन्ट्रॅक्ट नोटवर, म्हणजे तुम्ही पाठवता त्या व्यवहाराच्या बिलावर, त्यांचा मागमूस नाही, नंतर माझ्या खात्याचं लेजर उघडलं तेव्हा दिसले. आज त्याबद्दल विचारलं तर तुमचा तज्ज्ञ म्हणतो, "सर, ते सरकारी टॅक्स असतात." म्हटलं, शेअर व्यवहारावरचा सरकारी कर एसटीटी, तो 0.1 टक्का, त्याचा 1 रुपया वेगळा कापलाय. स्टॅम्प ड्यूटी खरेदीवर असते, मी तर विकलेत. मग हे कुठलं सरकार? तो गप्प. मागे कोणीतरी चहा सांगत होतं, तेवढं स्पष्ट ऐकू आलं. मग म्हणतो, "सर, तुम्ही मार्केटमध्ये नवीन आहात का?"

नवीन! अहो, कागदी सर्टिफिकेटं ट्रान्सफर फॉर्मला टाचून, स्टॅम्प चिकटवून रजिस्टर पोस्टाने पाठवलीत मी. सही जुळत नाही म्हणून परत आलेली पाकिटं अजून कपाटात आहेत. हवं तर त्याला दाखवायला घेऊन येतो.

एका कंपनीमागे 15.93 रुपये. त्यातले साडेतीन डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या सीडीएसएलचे, 2.43 जीएसटी, राहिलेले 10 तुमचे. हे तुम्हाला पाठ आहे. घ्या की, पण सरकारच्या नावावर कशाला खपवता? 'डिलिव्हरीवर शून्य ब्रोकरेज' हे फलकाएवढ्या अक्षरांत, आणि बाकीचं मुंगीच्या पायाएवढ्या.

फोनवरच्या ऑर्डरचे 177 रुपये परत करा. पुन्हा सांगतो, ॲप तुमचं बंद होतं. हेल्पलाइनचं रेकॉर्डिंग तुमच्याकडेच आहे. पैसे लागतील असं त्यात कुठे ऐकू आलं तर मला कळवा. सात दिवसांत पैसे आले नाहीत तर तक्रार शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर जाईल, तिथे 21 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. तेही "नवीन आहात का" असंच द्या.

माझा जुना दलाल अर्धा टक्का घ्यायचा. पण आधी तोंडावर सांगायचा आणि मग चहा मागवायचा, माझ्यासाठीसुद्धा.

तुमचा (अजून तरी) ग्राहक