तात्या आणि बर्फातली जोड

कोल्हापूर,
७ जानेवारी

संग्या लेका,

म्युनिकला जाऊन तुला तीन वर्षं झाली, पण बाजूलाच एवढा नाद खुळा खेळ चालतो हे एकदाही बोलला नाहीस. आपल्याला बर्फ म्हणजे रंकाळ्यावरचा गोळा! १ तारखेला संध्याकाळी सहज टीव्हीवर जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनचं स्की जंपिंग लावलं, म्हणजे पायाला लांब पट्ट्या (स्की) बांधून बर्फाच्या उतारावरनं घसरत येऊन लांब उडी मारायची. चार गावांत चार स्पर्धांची मालिका असते, त्यातली ही एक. तात्या शेंगा सोलत होते. एक पोरगं ताशी नव्वदच्या आसपास घसरत आलं नि हवेत आडवं झालं, तशी शेंग हातातच राहिली.

"मोडतंय की गा हे!"

म्हटलं, तात्या, खालचा उतारही त्याच्यासोबत खाली जातोय. ते टेकडीच्या अंगाअंगानं तरंगतंय, म्हणून आदळत नाही.

मग पहिल्या फेरीत ५० जणांच्या २५ जोडी लावतात म्हटल्यावर तात्या सरसावले. जोड म्हटलं की खासबागेतली कुस्ती आलीच! जिंकलेले २५ पुढं, आणि हरलेल्यांतले चांगले ५ पण. हे शेवटचं त्यांना काही पटलं नाही. "चितपट झालेला परत कशाला?"

त्यांची नजर मात्र पैलवानाची. उडी किती लांब, ते बघतच नव्हते. "मांड्या बघ, बैठका मारलेल्या आहेत." पण अंगानं काडीच! हलकं अंग लांब उडतं, म्हणून वजन फार उतरवलं तर स्की आखूड वापरावी लागते, असा नियमच आहे. तो ऐकून म्हणाले, "हे बरं केलं."

उडीच्या लांबीचे गुण वेगळे, आणि ढंगासाठी पाच पंच, प्रत्येकाचे २० गुण, वरचा नि खालचा आकडा काढून टाकतात. टेकताना एक पाय पुढं, गुडघे वाकलेले, हात पसरलेले, असा रुबाब नसला की गुण कापले. स्वीडनचा यान बोक्लेव्ह स्कीची टोकं फाकवून इंग्रजी व्हीसारखा उडायचा, तर पंच त्याचे गुण कापायचे. तरी गड्यानं १९८८-८९ चा वर्ल्ड कप मारला, आणि आता सगळेच तसे उडतात!

पोलंडात तर त्यांच्या अॅडम मावीश या उडीवाल्यापायी अख्खा देश वेडा झाला होता म्हणे. आपल्या पेठांच्या फुटबॉलसारखंच असणार.

काल ऑस्ट्रियात बिशोफ्सहोफेनला मालिकेतली चौथी, शेवटची स्पर्धा होऊन सगळं आटपलं. तात्या आज विचारत होते, आता काय बघायचं?

पुढच्या डिसेंबरात तू ओबर्स्टडॉर्फला जायचंस, मालिकेतली पहिली स्पर्धा तिथंच असते. खाली उभं राहून ऐक, पोरगं डोक्यावरनं जाताना आवाज कसला येतो. टीव्हीवर निवेदक गप्पच बसत नाही. तात्यांनी खास विचारलंय.

तुझा,
बाळ्या

ता. क. कांदा-लसूण मसाला पाठवतोय. पुरवून वापर.