बाटल्या नेऊन परत आलेल्या ताईंना

ताई,

तुम्ही विद्यापीठातून पाण्याचे नमुने घ्यायला आलात, तेव्हा वस्तीत कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. नमुने नेणारे आम्हाला नवे नाहीत. याआधीही आले, बाटल्या भरल्या, हातपंपाशी उभं राहून फोटो काढले, ‘रिपोर्ट आला की कळवतो’ म्हणाले आणि गेले ते गेलेच. आमच्या पाण्यावर कुणाचा शोधनिबंध झालाही असेल. आम्ही मात्र तेच पाणी पीत राहिलो.

तुम्ही आकडे घेऊन आलात. जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम ठेवलीय आणि आमची खोल बोअर तिच्या बरीच वर. पाणी एवढं नितळ, ना वास ना वेगळी चव, त्यामुळे पटेना. आजवर जो तो ‘उकळून प्या’ एवढंच सांगून जायचा. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं, हे तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं.

पण मी लिहायला बसलो ते आकड्यांसाठी नाही. माझी पुतणी हसताना तोंडावर हात धरते. पुढच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. ‘नीट घासत नाहीस’ हे तिने घरी ऐकलं, शाळेत ऐकलं, आणि घासून घासून हिरड्यांतून रक्त काढलं. त्या दिवशी सगळे तक्त्याकडे बघत असताना तुम्ही तो बाजूला ठेवलात, तिच्यासमोर खाली बसलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, ‘‘दात हिरडीत तयार होत असतानाच पाण्यातल्या फ्लोराइडने हे डाग पडलेत, बाळा. घासून जायचे नाहीत. यात तुझी काहीच चूक नाही.’’ मागे बसलेल्या गुरुजींनी मान खाली घातली. बरं झालं!

मग पुढचं सगळं आलंच. पाणी खडकात जितकं जास्त काळ राहतं तितकं फ्लोराइड त्यात उतरतं, म्हणून आमची उथळ विहीर बरी निघाली. तिच्यात खतांचं, शेणाचं नायट्रेट उतरू शकतं, तेही तपासत राहा, आणि ते पाणी मात्र जंतूंसाठी उकळूनच प्या, असं बजावूनच तुम्ही निघालात. शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात; समोरच्याला कमी न लेखता सांगणारी फार थोडी.

आणि आधी बाटल्या नेणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर तुमचे आकडे अजूनही पाठवा. बोअर तेव्हापासूनच अशी होती की नंतर बिघडली, ते तरी ताईंना ताडून बघता येईल.